हे बरं, की ते?

फ्लीटवूडला ट्राम संपते, त्याच्या अलीकडच्या थांब्यावर
माझं चष्म्याचं दुकान.
मंगळवारी साडेतीनला आले क्लाइव्ह ऑर्मरॉड,
उदोन थानीत चौदा वर्षं काढून परतलेले.
दंडावरचं तिथलं ऊन अजून उतरलेलं नाही.
मागे बायको, लमदुआन.
दाराशी तिनं बूट काढले
आणि कुणी काही म्हणायच्या आत
माझ्या कार्पेटवरून मोज्यांनी चालत आली.

"हनुवटी इथे. शेवटून दुसरी ओळ वाचा.
हे बरं, की ते?"

"तिथलं बरं," ते म्हणाले, "आणि नाहीही.
हे लोक तोंडावर नाही म्हणत नाहीत.
नळवाला उद्या येतो म्हणतो, हसून.
परवाही उद्याच म्हणतो.
घर मी बांधलं, जमीन हिच्या नावावर,
परक्याला तिथे ढेकूळ विकत मिळत नाही.
दर नव्वद दिवसांनी कचेरीत जाऊन सांगायचं
की बाबांनो, मी अजून इथेच आहे.
दुपारी दोन ते पाच बीअर विकायची नाही,
का, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नाही.
नाणं घरंगळलं तर पायानं अडवायचं नाही,
त्यावर राजा आहे.
आणि सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागलं
की अख्खा बाजार जागच्या जागी उभा.
एका बाईच्या हातात मासा,
अर्धे खवले काढलेला."

"आता?"
"सारखंच."

मी काच बदलली.
'हे लोक'.
इचलकरंजीला वहिनीला फोनवर मी असंच सुरू करते.
हे लोक तोंडावर वाईट म्हणत नाहीत गं,
'इंटरेस्टिंग' म्हणतात.
धक्का आपण मारला तरी सॉरी तेच म्हणतात.
हे लोक भांडी फेसासकट निथळत ठेवतात, खरंच,
डोळ्यांनी पाहिलंय.
अकरा वर्षं सांगतेय.
तिकडे आता सगळ्यांना इंग्लंड पाठ आहे.

"नव्वद दिवस," लमदुआन खुर्चीतून म्हणाली,
"मी इथे बोटांचे ठसे दिले. परीक्षा दिली.
हेन्री राजाच्या सहा बायका पाठ केल्या.
अजून कुणी विचारलं नाही, जेवलीस का.
हवेचं विचारतात.
हवेला मी काय करू?"

त्या सहाजणी मीही पाठ केल्या होत्या.
दोघींची मुंडकी उडवलेली,
एवढंच आता आठवतं.

तिची पाळी आली तेव्हा
माझा हात तिच्या कपाळापाशी अडला.
एरवी मी सगळ्यांची डोकी सरळ पट्टीकडे ढकलते.
"लावू का हात?"
तिनं डोळे मिटून मान पुढे केली.
स्टूल सरकवताना माझा पाय तिच्या पायाला लागला
आणि हात आपोआप खाली गेला,
तिच्या पायाला शिवून माझ्या छातीशी आला.
तिनं पाहिलं.
क्लाइव्हना दिसलं नाही,
त्यांच्या डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब होते.

मग त्यांना सांगितलं: मोतीबिंदू. दोन्हीकडे.
"भिंगं पिवळी पडलीत.
बरीच वर्षं तुम्ही सगळं चहातून बघताय.
ऑपरेशननंतर पांढरं पांढरं दिसेल,
निळं तर इतकं, की दचकाल."

ते गप्प झाले. बाहेर ट्राम वळली.
"म्हणजे तो उजेड," ते म्हणाले,
"पाचच्या सुमाराचा, भातावरचा, सोन्यासारखा...
तो तिथला होता, की माझा?"

या प्रश्नाची काच माझ्याकडे नाही.
मी ब्लॅकपूलच्या हॉस्पिटलला चिठ्ठी लिहिली.
"नंबर लागायला तीन महिने तरी."
"नव्वद दिवस," लमदुआन म्हणाली आणि हसली.
कशाला हसली, ते मला
धड वाचता आलं नाही.

दाराशी बूट चढवता चढवता ती थांबली.
पावणेपाच वाजले होते.
"जेवलीस का?"

टेबलाखाली डबा होता, सकाळी भरलेला,
झाकण न उघडलेला.

"हो, हो," मी म्हटलं.
हसून.